बारावी रेघ

खळदकर सर कॅमेऱ्यासमोर उभे राहत
तेव्हा मी त्यांच्या डोक्यावर माईकची काठी धरून असे.
तेरा भाग, एकोणनव्वद साल.
लोकांना त्यांचा आवाज आठवतो.
मला श्वास आठवतात:
खऱ्या वाक्याआधी आखूड,
पाठ केलेल्या वाक्याआधी लांब.

नोकरी कॉलेजात, प्रात्यक्षिकं लावायची.
रविवारी जुन्या बाजारात उकिडवं बसून
पितळेचे तुकडे उलटेपालटे करायचे.
"मुरकुटे, हा स्क्रू बघ," म्हणायचे,
"याच्या आट्यांत अख्खं शतक फिरलंय."
दुकानदार लगेच दहा रुपये वाढवायचा.

टीव्हीवर आले म्हणून माणूस बदलला नाही.
शर्ट बदलला, पट्ट्यांचा पडद्यावर थरथरतो म्हणून.
लक्ष्मी रोडवर लोक अडवून विचारू लागले,
"काय हो, ग्रहणात जेवावं का?"
सर म्हणत, "भूक असेल तर."

सहावा भाग. जमीन मोजणाऱ्यांची यंत्रं.
वेताळ टेकडीवर तिपाईवर थिओडोलाइट,
खाली उन्हात पसरलेलं पुणं,
आणि वाऱ्यासाठी माईकला
माझ्या पोराचं लोकरी टोपडं.
सरांनी पितळी वर्तुळावर बोट ठेवलं,
लांब श्वास घेतला,
म्हणाले, "हे अंशवर्तुळ थेट लंडनचं.
इतकं बारीक काम तेव्हा आपल्याकडे होत नव्हतं."
कट. ओके. चहा.

तिसऱ्या आठवड्यात तांबट आळीतून पोस्टकार्ड.
शाळेतल्या बाईंचं अक्षर, मात्रा ताठ:
"मूळ वर्तुळ पडून वाकले होते.
हे माझ्या पणजोबांनी आखले. तीनशे साठ रेघा, हाताने.
बाराव्या रेघेत खोट आहे, दारात घोडा बुजला तेव्हाची.
भिंग घेऊन पाहावे.
आपली, मंदाकिनी निजामपूरकर."

सरांनी भिंग घेतलं. मी दिवा धरला.
(माझं काम तेच, काहीतरी उंच धरून उभं राहायचं.)
दहा. अकरा. बारा.
केसाएवढी रेघ, आणि तिच्या टोकाला
चिमुकला वाकडा फाटा,
हात नव्हे, जणू घोडाच काही लिहून गेलेला.

टीव्हीला शुद्धिपत्र नसतं.
निर्मात्या बाई म्हणाल्या, "दोन वाक्यं तर आहेत, सोडा हो."
पुढच्या सात भागांत मला लांब श्वास ऐकू आला नाही.
बोलण्यात "बहुधा" आलं, "मला माहीत नाही" आलं,
दोनदा नुसती शांतता आली,
ती संकलकाने कापली.
दुसरी मालिका मिळाली नाही.

मग अकरा वर्षं एकच पुस्तक.
आळीतल्या ओट्यावर बसून, ठोक्यांच्या कल्लोळात
सर प्रश्न ओरडून विचारत,
म्हातारे उत्तरं ओरडून देत,
घरी टेप लावली की नुसती भांडी बोलत.
तरी नावं निघाली. एकशे चौदा माणसं,
कुणी भिंगाची नळी केली, कुणी काट्याची सुई.
पाचशे प्रती छापल्या.
अप्पा बळवंत चौकात गठ्ठा बराच काळ होता,
वर कुणीतरी गाइडं ठेवायचं.

मालिकेच्या कॅसेटी पुसल्या गेल्या.
मी चौकशीला गेलो होतो. एकीवर थालीपिठाची कृती निघाली.
कसली चिडचिड नाही झाली सरांची, उलट म्हणाले,
"चला, चूकही पुसली गेली."

पण नाही गेली.
शोकसभेत एका पोरानं मोबाइल माईकला लावला,
कुणाच्या तरी घरी टेप झालेला एकच तुकडा
शिल्लक होता, म्हणाला, फार दुर्मीळ.
टेकडी. वारा. निळा शर्ट.
शेजारचा हळूच म्हणाला, "काय आत्मविश्वास!"
मंदाकिनीबाई शेवटच्या रांगेत,
मांडीवर पुस्तक, बोट कुठल्यातरी पानात.

मी ऐकला तो लांब श्वास,
आणि वाक्य यायच्या आत
माझा उजवा खांदा, सत्तरीतला,
आपसूक वर गेला.